ताई, जुलैत रामेश्वरला चल

गुरुग्राम

प्रिय ताई,

“येवल्यात वाढलेल्या बाईला पतंग काय शिकवणार?” असं तू फोनवर म्हणालीस, तेव्हाच ठरवलं की याचं उत्तर सविस्तर लिहायचं. तू आता निवृत्त झालीस, रोज पहाटे सावरकर तलावावर पोहतेस, घरची जबाबदारीही उरकली आहे. मग काइटसर्फिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने बोर्डावरून पाण्यावर सरकणं, शिकायला जायला आणखी कसला मुहूर्त हवा?

आपल्याकडे भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस धाब्यावर हलकडी वाजायची. पतंग मुलग्यांच्या हातात आणि आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, आपल्या. पण ढील कधी द्यायची ते तुला त्यांच्याआधी कळायचं. मानेमागे वारा फिरला की तू आसारी आधीच सैल सोडायचीस. ती जाण तुझ्यात अजून आहे आणि ती काइटसर्फिंगला फार कामाला येईल.

हाताला मात्र नवं वळण लावावं लागेल. हा पतंग बोटावर पेलायचा नसतो. नवशिक्याचा पतंगही वारा आणि वजन पाहून नऊ ते बारा चौरस मीटरचा देतात. वीसेक मीटरच्या चार-पाच दोऱ्या एका दांडीला, म्हणजे बारला जोडलेल्या असतात आणि सगळी ओढ कमरेच्या पट्ट्यावर येते. बार जवळ घेतला की ओढ वाढते, दूर सोडला की कमी होते. घाबरलेला माणूस काय करतो? हातात आहे ते घट्ट धरून छातीशी ओढतो. इथे तेच अंगाशी येतं. म्हणून पहिला धडा हात सोडण्याचा. त्याने भागलं नाही तर बारच्या खालचा लाल तुकडा पुढे ढकलायचा. मग पतंगाची सगळी ओढच जाते आणि तो एका दोरीवर लटकत राहतो. तीही सोडायची सोय असते. मला शिकवताना प्रशिक्षकाने पतंगात हवा भरण्याआधीच वाळूवर उभं केलं आणि डोळे मिटून तो तुकडा पुन्हा पुन्हा शोधायला लावला. हाताला जागा पाठ झाल्यावरच पुढची गोष्ट. असा धडा जो देत नाही त्याच्याकडे शिकायचं नाही, हे मी तुला निक्षून सांगते. आणि दोरी बोटाला गुंडाळायची सवय आजपासून सोड. या दोरीला काच नसते, पण ओढीखाली ती बोट कापू शकते.

पतंग पाण्यात पडला तर, असं तू विचारलंस. या खेळाचं घोडं बरीच वर्षं तिथेच अडलं होतं. ब्रिटनीच्या समुद्रकिनारी राहणाऱ्या ब्रूनो आणि दॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या कण्याच्या पतंगाचं पेटंट मागितलं. तो पाण्यावर तरंगतो आणि दोऱ्या ओढून पाण्यातूनच परत उठवता येतो. आज सगळीकडे शिकवतात ते बहुतेक त्याच घडणीच्या पतंगांवर. 2024 च्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला.

आता जागा. मालदीवची छायाचित्रं फार सुंदर आहेत, पण शिकणाऱ्याला उथळ पाणी, एकसारखा वारा आणि जवळ उभा राहणारा शिक्षक लागतो. हे सगळं आपल्याच देशात पांबन बेटावर, रामेश्वरला आहे. जुलैत तारकर्लीला पाण्यात उतरायची सोय नसते, समुद्र खवळलेला असतो. तोच नैर्ऋत्य मान्सून भारत आणि श्रीलंकेमधल्या चिंचोळ्या पट्टीतून वाहतो तेव्हा वारा सोसाट्याचा, पण पाऊस जवळजवळ नाही, कारण त्या भागाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. बेटाच्या कडेने कमरेइतक्या पाण्याच्या जागा आहेत. पडलं की उभं राहता येतं, आणि आपल्या वयात याची किंमत फार मोठी आहे. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असेल त्या दिवशी मात्र, सोबत बचाव-बोट नसेल तर, कुणी कितीही आग्रह केला तरी उतरायचं नाही.

शनिवार-रविवारला जोडून जायचं खूळ इथे आमच्या ऑफिसमध्ये फार आहे. ते या खेळात चालत नाही. वाळूवर पतंग सांभाळणं, मग बोर्डाशिवाय पतंगाने पाण्यातून ओढत जाणं, आणि मग कुठे बोर्डावर उठणं. दहा-बारा तासांचं शिक्षण चार-पाच दिवसांत विभागून घ्यायचं. वारा रोज हजर असेलच असं नाही, तेव्हा मी दहा दिवस धरलेत. वारा नसेल त्या दिवशी रामनाथस्वामींच्या देवळातल्या बावीस कुंडांचं स्नान. एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ती गोष्ट तू वर्गात दरवर्षी सांगायचीस. त्या कावडीला जिथे पोचायचं होतं ते गाव तू अजून पाहिलेलं नाहीस. धनुष्कोडीलाही जाऊ. डिसेंबर 1964 च्या वादळात ते गाव गेलं, चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. समुद्राशी खेळायला जाणाऱ्याने ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

जूनमध्ये आधी माझ्याकडे ये. सोसायटीचा तलाव हिवाळाभर बंद होता, आता उघडलाय. दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग मी आणून ठेवला आहे. सेक्टरमागच्या मोकळ्या मैदानावर विजेच्या तारा नाहीत, संध्याकाळी ऊन उतरलं की तिथे जाऊ. मग दिल्लीहून विमानाने मदुराई, आणि तिथून गाडीने पावणेदोनशे किलोमीटर.

लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे आण, उन्हाने पाठ सोलवटते. हेल्मेट आणि जॅकेट काइटसर्फिंगच्या शाळेतच मिळतं, ते नको म्हणायचं नाही. उजवा खांदा मध्यंतरी दुखत होता ना? डॉक्टरांना आधी दाखव, आणि ते काय म्हणाले ते मला कळव. त्यावर तिकिटं काढते.

तुझी,
धाकटी