मधल्या घरातला ऱ्हा

मराठी शब्दकोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, कानामात्रा आणि जोडाक्षरासकट. त्यामुळे 'वऱ्हाड' तीन घरांत मावतं आणि मधल्या घरात अख्खा 'ऱ्हा' येतो. आता उभा शब्दही त्याच घरातून जायला हवा. 'रा' असता तर ढीगभर शब्द धावून आले असते. ऱ्हा असलेले आणायचे कुठून?

मला हे शब्द गोळा करण्याचा फार जुना नाद आहे. कुऱ्हाड, बिऱ्हाड, गुऱ्हाळ, चऱ्हाट, गऱ्हाणं, मऱ्हाटी, कऱ्हाड. सगळे तीन अक्षरांचे, आणि प्रत्येकात ऱ्हा बरोबर मधोमध! कोडं रचणाऱ्याला याहून मोठं दान कोणतं? शेवटी ऱ्हा हवा असेल तर तऱ्हा आहे, आणि पोळ्याला ज्याची शिंगं रंगवतात तो गोऱ्हा आहे. कौंडण्यपूरच्या वाटेवर कुऱ्हा नावाचं गावच आहे, अमरावती जिल्ह्यात. सुरुवातीला मात्र ऱ्हास. संस्कृतातल्या ह्रासाची अक्षरं मराठीने उलटी करून घेतली, ऱ्हस्वाचंही तेच केलं.

इंग्रजी स्क्रॅबलमध्ये क्यू या एका अक्षराला 10 गुण असतात. क्यूमागून यू येणार हे तिथे ठरलेलं, म्हणून यूशिवायचे शब्द खेळाडू जिवापाड जपतात. येमेनमध्ये लोक चघळतात त्या पाल्याचं नाव त्यांना तोंडपाठ असतं, कारण ते यूशिवाय लिहिता येतं. त्यांना शब्दासाठी येमेन गाठावं लागतं. आपला ऱ्हा काळ्या मातीत उगवतो. पऱ्हाटी! अकोल्याच्या शेतकऱ्याला कपाशीचं झाड म्हणजे पऱ्हाटी. वेचणी संपली की तीच उपटून वाळवायची, चुलीत घालायची, कुडाला लावायची. बोलताना पुष्कळजण 'पराटी' म्हणतात. लिहिताना तरी तिचा ऱ्हा तिला द्यावा.

आणि मुलखाचं नावच वऱ्हाड! अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत याचं मूळ नाव वरदातट, म्हणजे वर्धेचा काठ, असं नोंदवलं आहे. फारसी दप्तरात आणि पुढे इंग्रजीत त्याचं बेरार झालं. 1853 मध्ये निजामाकडून कंपनीकडे कारभार गेला तो बेरारचा, 1902 मध्ये कायमचा पट्टा लिहून दिला तोही बेरारचाच. या कागदांवर ऱ्हा कुठेच नव्हता. माणसं मात्र वऱ्हाडच म्हणत राहिली, आणि तेच नाव टिकलं. लग्नाचं वऱ्हाड आणि मुलखाचं वऱ्हाड एकाच अक्षरांत लिहितात, म्हणून रुक्मिणीच्या माहेराला हे नाव मला फार शोभून दिसतं.

आज घाव बसतो तो पाट्यांवर. 'वर्हाडी ठेचा', 'वर्हाडी थाळी' असं लिहिलेलं दिसतं आणि जीव कळवळतो. रफार दिला की उच्चारच बदलतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या चिखलदऱ्याच्या. आचार्यांना नमस्कार करावा आणि आचाऱ्यांना भाजीत तिखट वाढवायला सांगावं. हा अर्धा, वाकडा र हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीवरून बेतलेल्या टंकांत तो अनेकदा मोडतो. पण सोय आहे. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर वेगळं आहे, आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून जे मारला की ते उमटतं. पुढे हलन्त आणि ह दिला की झालं. एवढे कष्ट आपल्या मुलखाच्या नावासाठी कोणीही घ्यावेत.

कोडी रचणाऱ्यांना माझी विनंती आहे. ऱ्हा अवघड म्हणून टाळू नका. आडवं वऱ्हाड मांडा, उभी पऱ्हाटी उतरवा, आणि सूचनेत लिहा: कपाशीचं झाड, अकोल्याकडे.