सरकते दार

पेणच्या आमच्या आळीत गाडी आल्याचे शेजाऱ्यांना डोळ्यांनी दिसण्यापूर्वी कानांनी कळत असे. प्रथम एक घरघर, मग लोखंडावर लोखंड घासल्याची किंकाळी, आणि अखेरीस असा दणका की समोरच्या ओटीवर निजलेले मांजर उठून आत जाई. तो दणका आमच्या ओम्नीच्या सरकत्या दाराचा. पाहुण्यांना त्याचे नवल वाटे. आम्हांस वाटत नसे. रोज कानी पडणारा आवाज पुढे ऐकू येईनासा होतो, तशातलाच तो प्रकार.

ही गाडी 1984 साली 'मारुती व्हॅन' म्हणून बाजारात आली, 1988 पासून 'ओम्नी' झाली आणि 2019 साली तिचे उत्पादन थांबले. मधल्या पस्तीस वर्षांत तिने शाळेची मुले वाहिली, रुग्ण वाहिले, भाजीपाला वाहिला. हिंदी चित्रपटांतील खलनायकांनी तर माणसे पळविण्यासाठी जणू तिचाच मक्ता घेतला होता. या लोकप्रियतेचे मर्म पुष्कळसे तिच्या दारात आहे. ते बाहेर उघडत नाही, गाडीच्या अंगालगत मागे सरकते. म्हणून अरुंद आळीतही भिंतीला न अडता संपूर्ण उघडते. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती याच कारणासाठी घेतली. त्यांचा धंदा मालवाहतुकीचा. आणि पेणास श्रावण लागला की माल म्हणजे गणपती. कारखान्यातून शाडूच्या मूर्ती उचलायच्या, पेंढ्यात नीट बसवायच्या आणि वडखळ, नागोठणे, भिसे खिंड या वाटेने रोह्यास पोचवायच्या. वाट चाळीस किलोमीटरांच्या आसपास, परंतु शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळविलेली असते. तिला धक्का सोसत नाही आणि पाणी तर मुळीच सोसत नाही.

2017 साली आम्ही आठवीत होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अण्णांबरोबर रोह्यास निघालो. नागोठण्यास चहासाठी थांबलो असता पेंढा सरकला की काय हे पाहण्यास अण्णांनी सांगितले. आम्ही दार उघडून पाहिले. सर्व ठीक होते. मग दार लावू लागलो. ते लागेना. दुसऱ्यांदा लावले, लागेना. तेव्हा चाकाला पाय टेकून, दोन्ही हातांनी, होते नव्हते तेवढे बळ एकवटून आम्ही ते ओढले. दणका झाला, दार लागले, आणि त्याच क्षणी आत काहीतरी 'टच्' असे वाजलेले आम्ही स्पष्ट ऐकले. तरी आम्ही पुढे जाऊन बसलो.

रोह्यास ज्या घरी ती मूर्ती द्यावयाची होती तेथे पाट मांडून ठेवलेला होता. घरातील एक लहानगा हातात झांज घेऊन पायरीवर उभा होता. अण्णांनी पेंढा दूर केला. आशीर्वादाच्या हाताची दोन बोटे गळून पडली होती. भंगलेली मूर्ती पूजेस चालत नाही, हे त्या मुलालाही ठाऊक असावे. त्याने झांज हळूच पाठीमागे लपविली. अण्णांनी आमच्याकडे पाहिले. "खिंडीत मोठा खड्डा लागला होता," आम्ही म्हणालो. अण्णांनी हात जोडून त्या घरच्या आजींची क्षमा मागितली, त्याच पावली पेण गाठले आणि रात्री दुसरी मूर्ती आणून दिली. खर्च त्यांच्या पदरचा. वाटेत त्यांनी त्या खड्ड्याविषयी दोनदा विचारले. खिंड चढताना आपले लक्ष कोठे होते, म्हणून ते स्वतःसच दोष देत होते. आम्ही झोपेचे सोंग घेतले.

पुढच्या वर्षी अण्णांनी दार दुरुस्तीस नेले. कारागिराने चौकटीवरील लोखंडी तुकडा, ज्यात दाराचा खटका अडकतो व ज्यास स्ट्रायकर म्हणतात, तो बोटभर खाली बसवून दिला. अर्ध्या तासाचे काम. दार बिनबोभाट लागू लागले आणि सर्वांस हायसे वाटले. परंतु भाद्रपदातल्या पहिल्याच सरीत दाराच्या वरच्या कडेने पाणी आत झिरपले आणि एका मूर्तीच्या पितांबरावर ओघळ उमटला. खटका अडकत होता खरा, पण दार खालीच बसत असल्यामुळे वरचे रबर चौकटीला टेकतच नव्हते. काही महिन्यांत दणकाही परतला.

2019 च्या आषाढात आमचे मामा या प्रकरणात पडले. मामा रोह्यास राहत. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची सारी नोकरी फिटर म्हणून गेली होती. कुंडलिका दुथडी भरून वाहत होती, पाऊस क्षणभर उघडला होता. मामा गाडीभोवती एक फेरी घालून म्हणाले, "अरे, दार ओढून काय पाहतोस? उचलून पाहा." दार अर्धे उघडे ठेवून आम्ही मागची कड धरून वर उचलली. ती जवळजवळ बोटभर वर आली! दोन वर्षे आम्ही खटक्याला शिव्या देत होतो. तो बिचारा जागच्या जागी होता, दारच त्याच्यापासून खाली निसटले होते.

या दाराची रचना पाहण्याजोगी आहे. ते तीन रुळांवर चालते. एक रूळ वर छपराच्या कडेला, एक खाली पायरीच्या आत, आणि एक बाहेरून मागच्या पत्र्यावर. प्रत्येक रुळात दाराच्या एकेका हाताचे छोटे चाक, म्हणजे रोलर, फिरते. दाराचा भार मुख्यत्वे खालच्या आणि मधल्या रोलरवर. वरचा ते कलंडू देत नाही. आमचा मधला रोलर झिजून वाटोळेपणा विसरला होता. खालच्या रुळात तर पेंढा आणि शाडूची धूळ यांचा दगड झाला होता. तो खरवडताना एक रुपयाचे नाणेही निघाले. मामांनी ते आमच्या खिशात टाकले.

रूळ डिझेलच्या बोळ्याने पुसले. बाजारातून नवा रोलर आणून बसविला. नंतर मामांनी स्ट्रायकरच काढून ठेवला, तेव्हा आम्ही चकित झालो. त्यांचे म्हणणे असे की तो जागेवर असेल तर दाराला ओढून धरील, आणि दार आपल्या बळावर कसे लटकते ते आपल्याला कळणार नाही. मग त्यांनी हाताच्या पट्ट्यांभोवती पेन्सिलीने रेघा मारल्या, म्हणजे मूळची जागा विसरायला नको. दाराखाली लाकडी ठोकळा आणि घडी घातलेले गोणपाट ठेवले. बोल्ट काढले नाहीत, केवळ सैल केले; दार किंचित उचलले, पुन्हा आवळले, लावून पाहिले. पहिल्या खेपेस मागची कड अधिक वर गेली आणि वरचा पत्रा घासू लागला. दुसऱ्या खेपेस पुढची फट रुंद दिसू लागली. एकीकडचे नीट करावे तो दुसरीकडचे बिघडे. चौथ्या की पाचव्या खेपेस दाराची आणि गाडीच्या अंगाची रेघ एक झाली. मामांनी रबरात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार मिटविले व पट्टी ओढावयास सांगितले. ती सहज सुटली नाही, म्हणजे आता पाणी येणार नाही. सर्वांत शेवटी स्ट्रायकर, तोही खटका जेथे येत होता तेथे. ग्रीस अगदी बेताने. जास्त झाले की धूळ धरते.

पाने पुसता पुसता मामा सहज म्हणाले, "एवढे खचलेले दार लावायला किती दणका द्यावा लागत असेल! आतल्या मूर्ती टिकल्या कशा?" आम्ही बराच वेळ त्या नाण्याशी चाळा करीत राहिलो. मग नागोठण्याची हकीकत त्यांना सांगितली. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "मला कशाला सांगतोस? ज्याने क्षमा मागितली त्याला सांग."

परतताना अण्णा गाडी चालवीत होते. भिसे खिंडीच्या चढावर, ज्या ठिकाणी तो कल्पित खड्डा असावयास हवा होता तेथे, आम्ही ते सांगितले. अण्णांनी गाडीचा गिअर बदलला. खिंड उतरेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नागोठण्यास आल्यावर त्यांनी चहाच्या त्याच टपरीपाशी गाडी उभी केली आणि म्हणाले, "उतर. यंदा त्या आजींकडची मूर्ती पोचवायला तू यायचेस, आणि हे तूच त्यांना सांगायचेस."

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. अण्णांनी सामान काढले आणि सवयीने दाराला दणका देण्यासाठी हात मागे नेला. मग आठवण होऊन दोन बोटांनी ते पुढे ढकलले. 'खट्' एवढाच आवाज झाला. आई स्वयंपाकघरातच होती. आम्ही आत गेलो तेव्हा ती दचकून म्हणाली, "अगबाई! तुम्ही आलात केव्हा?"