हरकती व सूचना

वर्तमानपत्रातील जाहीर नोटिसा वाचण्याची खोड आम्हांस फार दिवसांपासून आहे. अग्रलेखात जे घडावे असे संपादकांस वाटते ते असते. नोटिशीत जे खरोखर घडू घातलेले असते ते असते. हरवलेले दस्त, वाटणीचे दावे, जप्तीचे लिलाव यांच्या गर्दीत मधूनच एक नोटीस दिसते : अमुक शहराची प्रारूप विकास योजना तयार झाली असून नकाशे पालिकेच्या कार्यालयात पाहावयास ठेविले आहेत, नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांचे आत लेखी सादर कराव्यात. हे शब्द आम्ही कित्येक वर्षे वाचीत आलो होतो. पण हरकत आधी आणि सूचना मागून, हा त्यांचा क्रम ध्यानात आला तो हरकत लिहिण्याची पाळी आमच्यावर आली तेव्हा.

आम्ही राहात्याचे रहिवासी. आमचे थोरले बंधू वडिलार्जित शेतीवर राहतात. ती जमीन याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका लहान शहराच्या शिवारात आहे. त्या शहराचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. काही वर्षांपूर्वी त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आमच्या पेरूच्या बागेपैकी तीस गुंठ्यांवर एक पिवळी चौकट उमटली. चौकटीत एक आकडा, आणि बाजूच्या तक्त्यात त्या आकड्याचा अर्थ : आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरे. त्याच रात्री बंधूंचा फोन आला. ‘‘वडील विचारायचे, एवढं शिकून हा काय करणार? आता दाखव काय करतोस ते,’’ इतकेच बोलून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो व बागेतच खाटेवर बसून लिहावयास लागलो. लिहिणे हा आमचा धंदा नसला तरी सवय आहे. कालव्याच्या पाण्याखालची उत्तम जमीन, तिशी उलटलेली झाडे, कुटुंबाची उपजीविका, पर्यावरणाचा तोल, असे एकेक मुद्दे सुचत गेले आणि तीन पाने केव्हा भरली ते कळले नाही. शेवटी एक वाक्य आम्ही विशेष घोळून लिहिले : गावाचे पडीक गायरान हाताशी असता बागाईत जमीन घेण्यात कोणते शहाणपण आहे? हे वाक्य बंधूंस फार आवडले. गायरान गावापासून दीड-दोन कोसांवर आहे, तेथे रस्ता नाही आणि उन्हाळ्यात प्यावयाचे पाणी नाही, हे आम्हां दोघांसही माहीत होते. ते आम्ही लिहिले नाही.

या हरकतींमागील कायदा थोडा समजून घेण्यासारखा आहे. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला; हिंदुस्थानातील तो पहिलाच. १९५४ च्या कायद्याने पालिकांवर सबंध शहराचा आराखडा करण्याची जबाबदारी आली, आणि हल्ली जो चालतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांचे म्हणणे मागवावयाचे, एका नियोजन समितीने ते ऐकून घ्यावयाचे, आणि मग आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे पाठवावयाचा. आरक्षण पडून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी. त्यानंतरही चोवीस महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटते. लहान पालिकांच्या तिजोरीत जमिनीचा मोबदला देण्याइतके पैसे क्वचितच असतात. त्यामुळे हे शेवटचे कलम जमीनमालकांस तोंडपाठ असते. बंधूंच्या वकिलांनी तर आम्हांस हसून सांगितले, ‘‘हरकत द्या, नाही तर देऊ नका, कॅलेंडर आपल्या बाजूचं आहे.’’

तरीही लोक हरकती देतात, आणि त्या लहानसहान प्रमाणावर नव्हेत. पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ साली निघाला तेव्हा सुमारे ८७ हजार कागद आले. पुढे २०१५ साली शासनाने तो आराखडाच पालिकेच्या हातून काढून घेतला. त्याच वर्षी मुंबईच्या मसुद्यावर आलेल्या हरकती-सूचनांची संख्या ६५ हजारांच्या घरात गेली आणि तो दुरुस्तीसाठी परत घ्यावा लागला. तो सुधारून २०१८ साली मंजूर झाला, तेव्हा दहा लाख परवडणारी घरे हे त्यातील मोठे उद्दिष्ट म्हणून गाजले. आणि ती घरे मिठागरांवर व ना-विकास क्षेत्रात होणार म्हणून वादही तेवढाच गाजला. मुंबईत काही संस्थांनी वस्त्यावस्त्यांतून हिंडून लोकांस नकाशे समजावून दिले, म्हणून तेथे ज्याला घर नाही त्याचाही कागद टेबलापर्यंत पोहोचला. राहात्यासारख्या गावी हे काम कोणी करावयाचे? आमच्याकडे नकाशा पाहावयास जातो तो सातबारा खिशात घेऊन जातो. आपल्या गटावर काही पडले आहे का, एवढे पाहतो. पडले नसेल तर समाधानाने चहा घेऊन परततो. ज्याच्या नावे गट नाही त्याने नकाशात शोधावे तरी काय?

राहाते हे नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. १९९९ साली तालुका झाला तेव्हा ते तालुक्याचे ठिकाण झाले. उत्तरेस दोन कोसांच्या आत शिर्डी. तिच्या वैभवाची सावली म्हणा की ऊन म्हणा, आमच्या जमिनींवर पडलेलेच आहे. शिर्डीच्या भक्तनिवासांत व खाणावळींत राबणारा माणूस शिर्डीत राहू शकत नाही. तो राहात्यात किंवा साकुरीत एक खोली भाड्याने घेतो आणि पहाटे रिक्षाने कामावर जातो. थोडी पुंजी जमली की तो गुंठा-दीड गुंठा जागा शोधतो. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा झाला, तो शेती टिकावी या चांगल्या हेतूने. पण गरिबाने घराची जागा गुंठ्यानेच घ्यावयाची असते हे त्या कायद्याच्या मनी नव्हते. मग कागदावर शेती आणि प्रत्यक्षात वसाहत अशा गुंठेवाऱ्या वाढतात, आणि त्या पदरात घेण्यासाठी २००१ साली आणखी एक कायदा करावा लागतो. त्याचीही मुदत २०२१ साली पुढे ओढावी लागली. एका कायद्याने दार लावावयाचे आणि दुसऱ्याने खिडकी उघडावयाची, ही आमची गृहनीती. माणसे बिचारी खिडकीतून आत येतात आणि जन्मभर चोरासारखी वागतात.

याहूनही खालची एक पायरी आहे. लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला त्याला पाऊणशे वर्षे होत आली. त्यापूर्वीपासून या कालव्यांच्या मुलखात ऊस आहे. दर हंगामास पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांतून आणि बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, पाचटाच्या कोप्या घालतात आणि गळीत संपले की निघून जातात. विकास आराखड्यात लोकसंख्येचा अंदाज वीस वर्षे पुढचा काढलेला असतो. या माणसांची मोजदाद मात्र ना त्यांच्या गावच्या आराखड्यात होते, ना आमच्या.

आमच्या बागेच्या बांधावर पत्र्याच्या आडोशात जे कुटुंब राहते ते असेच पाथर्डीकडून तोडणीला आलेले. एका वर्षी नवऱ्याचा पाय गाडीखाली सापडला. टोळी परत गेली, ते मागे राहिले. बाग राखतात, पेरू उतरवतात. आम्ही खाटेवर नकाशा पसरून बसलो असता ती बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभ्याउभ्या नकाशाकडे पाहू लागली.

‘‘सर, ह्ये पिवळं कशाचं?’’

आम्ही सांगितले की ही आपली बाग, आणि येथे घरे बांधावीत असे सरकारच्या मनात आहे.

‘‘कोनाची घरं?’’

‘‘ज्यांना घर नाही त्यांची.’’

ती काही वेळ बोलली नाही. मग हातातल्या कागदांकडे पाहून म्हणाली, ‘‘मंग तुमी काय लिवलंय त्यात?’’

‘‘अजून लिहितो आहे,’’ असे आम्ही म्हणालो. तिसऱ्या पानावर सही करण्यापुरती जागा तेवढी उरली होती.

आम्ही महाविद्यालयात इंग्रजी शिकवितो. गोल्डस्मिथचे ‘डेझर्टेड व्हिलेज’ हे १७७० सालचे काव्य आम्ही पंचवीसांहून अधिक वेळा वर्गात लावले असेल. श्रीमंताच्या बागेसाठी उठविलेले ते खेडे सांगताना आमचा आवाज कापरा होतो, असे विद्यार्थी आमच्या पाठीमागे म्हणतात. त्या रात्री राहात्यास परत आल्यावर आमच्या तीन पानांत कापरे असे काहीच सापडेना. म्हणून झोप येईना म्हणून कायदा काढून बसलो. तेथे एक शब्द भेटला. हरकत वा सूचना कोणी द्यावी? मालकाने, असे कायदा म्हणत नाही. कोणत्याही व्यक्तीने, असे म्हणतो.

पुढच्या रविवारी आम्ही बांधावर गेलो आणि त्या बाईस विचारून तिचा कागद लिहिला. तो एका पानाचाही झाला नाही. आम्ही मुद्दे सुचवू लागलो तर ती ऐकेना. तिचे मुद्दे निराळेच होते. घर खालच्या मजल्यावर असावे, कारण नवरा जिना चढू शकत नाही. दोन शेळ्या बांधावयास जागा असावी. शाळा पोरीला चालत जाता येईल इतकी असावी. ‘‘आन् त्या गायरानात नगं. तिथं कामाला कोन बोलवायला येनार?’’

हे लिहीत असता मुंबईची एक जुनी गोष्ट आम्हांस आठवली. १९२० च्या सुमारास गव्हर्नर लॉईड यांच्या सरकारने गिरणी-कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे सिमेंटच्या चाळी उठल्या. सोळा हजारांच्या आसपास खोल्या बांधून काम थांबले, आणि त्यांतील कित्येक, विशेषतः वरळीच्या, वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. भाडे परवडेना, गिरणी लांब, आणि खोली पाहिली तर तुरुंगाची आठवण व्हावी. कामगारास आधी कोणी विचारले नव्हते. त्याने आपली हरकत न राहून नोंदविली. त्याच काळात पॅट्रिक गेडीस हे गृहस्थ आपल्याकडे हिंडत होते. ते पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा मनुष्य नकाशा करण्यापूर्वी गल्लीबोळांतून पायी फिरे. इंदूरास होळकरांनी त्यांना बोलाविले तेव्हा दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग त्यांनी ठरीव रस्त्यांवरून काढून घेतला आणि दवंडी पिटविली की, ज्या आळीतील लोक घरे सर्वांत चांगली झाडून दुरुस्त करतील त्या आळीतून स्वारी जाईल. लोकांनी गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला म्हणतात. घराविषयी लोकांचे मत घेण्याची ही रीत तीस दिवसांच्या नोटिशीहून आम्हांस अधिक पसंत आहे; पण गेडीस रोज कोठून आणावयाचे?

दोन्ही कागद एकोणतिसाव्या दिवशी आमच्याच हस्ते दाखल झाले. टंकलेखकाकडे दिले तर बोभाटा होईल म्हणून बंधूंनी हरकत हातानेच लिहावयास लाविली होती, तेव्हा अक्षरही एकच. घरी हे कळल्यावर आमचे कुटुंब एवढेच म्हणाले, ‘‘दोन्ही पक्षांची वकिली, आणि फी कुणाकडूनच नाही!’’

सुनावणीस आम्ही बंधूंबरोबर गेलो. समितीचे लोक सभ्य होते. खुर्ची दिली, चहा दिला. एका वयस्क सभासदांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेविले, चष्मा वर केला आणि विचारले, ‘‘प्राध्यापकसाहेब, अक्षर तर एकच दिसतं. तुमचं स्वतःचं म्हणणं यांतलं कोणतं?’’

बंधू आमच्याकडे पाहात होते. त्या बागेत वडिलांनी पहिली रोपे लाविली तेव्हा खड्ड्यांत पाणी घालावयास आम्ही दोघेच होतो. बाग जावी असे आम्हांस तेव्हाही वाटत नव्हते, आजही वाटत नाही. बाईने सांगितलेला एकही मुद्दा खोटा नव्हता. पंचवीस वर्षे व्याख्याने दिलेल्या माणसाची जीभ त्या वेळी टाळूस चिकटली. अखेर आम्ही म्हणालो, ‘‘हरकतीतील शेवटचं वाक्य काढून टाकावं. गायरानात वस्ती होऊ शकत नाही, हे आम्हाला लिहितानाच माहीत होतं.’’ सभासदांनी पेन्सिलीने त्या वाक्यावर रेघ ओढली व पुढचे नाव पुकारले. परतताना राहात्याचा फाटा येईपर्यंत बंधू एक शब्दही बोलले नाहीत.

आरक्षण कायम राहिले. तीस गुंठ्यांवर अद्याप एक वीटही चढलेली नाही. पेरू मात्र यंदा चांगले आले. बंधूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरमागे आराखडा मंजूर झाल्याची तारीख लिहून ठेविली आहे, आणि दर दिवाळीस जुने कॅलेंडर बदलताना ती नव्याच्या पाठीमागे उतरवून घेतात. बांधावरच्या बाईस पालिकेची पोच मिळाली होती, शिक्का मारलेली, आवक क्रमांक घातलेली. सरकारी कागदावर तिचे नाव रेशनकार्डाखेरीज त्या एकाच ठिकाणी आहे. मागे आम्ही गेलो असता तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आम्हांस दाखविली आणि शिक्क्यावरची तारीख पोरीकडून वाचवून घेतली.