लेकुरवाळी मुशी

कोळणीच्या पाटीत मधली जागा पापलेट-सुरमईची. मुशी आपली कडेला. अंग करडं, त्यावर किंचित पितळी झाक, पोट पांढरं, डोळे बारीक, नाक फावड्यासारखं पसरट. डोक्याकडून शेपटीकडे बोट फिरवलं तर कातडी गुळगुळीत लागते, उलट फिरवलं की खरखरते. कल्ल्यांवर झाकण नाही, नुसत्या पाच उभ्या फटी. लांबीला जेमतेम हातभर. ही शार्क आहे असं सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही, कारण शार्क म्हटलं की सिनेमातला जबडा डोळ्यांपुढे येतो. मुशी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कोळंबी, माकूळ आणि बारीक मासळी खाऊन राहते. माणसाच्या वाटेला ती कधी जात नाही.

माणूस मात्र तिच्या वाटेला सतत गेला. मालवणात तिला मोरी म्हणतात आणि भाजक्या खोबऱ्याच्या वाटपात तिचं मटण करतात. तिच्या अंगात हाड नावाला नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, त्यामुळे पोरंही न घाबरता खातात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून तिचं कालवण द्यायची रीत जुनी आहे. प्राणिशास्त्रवाल्यांनीही तिला सोडलं नाही. डॉ. ई. एम. थिल्लायमपालम यांचा ‘स्कोलिओडॉन’ हा ग्रंथ १९२८ साली निघाला, आणि पुढे विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या फॉर्मलिनच्या वासात तिच्या मेंदूच्या नसा सोडवत बसल्या.

पण मुशी समजून घ्यायची तर तिच्या पोटात डोकवावं लागतं. सुरमई लाखांनी अंडी पाण्यात सोडते आणि पुढे जाते. मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, त्यात बलक जवळजवळ नसतोच. म्हणून गर्भ फार लवकर आईच्या अंगाला बिलगतो, वार तयार होते, नाळ जुळते आणि पाच-सहा महिने तो आईच्या जिवावर वाढतो. एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्लं. बाजारात एखादी गाभण मुशी चिरली जाते तेव्हा पिल्लं नाळेसकट बाहेर येतात. वितीहून लहान, पण पर, शेपटी, पसरट नाक, सगळं जिथल्या तिथे. ज्या कालवणाने बाळंतिणीला दूध यावं, ते कितीदा अशाच एका आईचं असतं. हे पाहिल्यापासून मला मुशीकडे नुसती मासळी म्हणून बघता आलेलं नाही.

पोटात पोरं वाढवणाऱ्या माशाला लाखांचा हिशेब जमत नाही. मोठ्या शार्कांची दैना त्यातूनच झाली. कानमुशीला, म्हणजे हॅमरहेड शार्कला, वयात यायला कित्येक वर्षं लागतात. आज तिच्या मोठ्या जाती नामशेष होण्याच्या कड्यावर आहेत. खुल्या महासागरातल्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. आपली मुशी वर्षा-दोन वर्षांत वयात येते, म्हणून तगून आहे. तरीही आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने तिला संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत घातलं आहे. मला भीती तिच्या या चिवटपणाचीच वाटते. रोज पाटीत दिसते, तोवर तिची चिंता कोण करणार?

कायदे झाले, तेही चांगले झाले. व्हेल शार्क आणि करवत मासा यांना २००१ साली वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. २०१५ साली शार्कच्या परांची निर्यात थांबली. २०२२ साली पनामातल्या सायटिस या वन्यजीव-व्यापार कराराच्या परिषदेत मुशीचं अख्खं कूळ परदेशी व्यापारावरच्या नियंत्रणाखाली आलं. पण आपली मुशी परदेशी कुठे जाते? डोल जाळ्यातून बंदरावर, बंदरावरून पाटीत, पाटीतून चुलीवर, एवढाच तिचा प्रवास. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याचा तिला फायदा होतो, पण थोडाच. तिची बाळंतपणं बारा महिने चालू असतात.

जाळं कापून संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २०१८ पासून भरपाई देतं, आणि आपल्या कोळ्यांनी व्हेल शार्क समुद्रात परत सोडलेही आहेत. मुशीच्या बाबतीत ही वाट नाही. ती इतर मासळीच्या ढिगात दबून, बहुतेकदा मेलेलीच वर येते. तिला वाचवायचं तर ते जाळ्याच्या खोल्यातच, म्हणजे टोकाच्या पिशवीतच, तिथले आस, म्हणजे विणीतली भोकं, मोठे ठेवून. आणि आस मोठे ठेवले की तिच्या पिल्लांबरोबर जवळाही निसटतो. तो तोटा एकट्या डोलकराच्या माथी मारून चालणार नाही. व्हेल शार्कसाठी सरकार पैसे मोजतं, तसे इथेही मोजायला हवेत. आणि कोवळी लागते म्हणून वितीएवढी मोरी मागून घेणारे आपण, आपल्याला तर उद्या सकाळीच ती नको म्हणता येईल.