कळा येतात तेव्हा उशाशी कोण?

मैत्रिणींनो, बाळंतपणाच्या तयारीची यादी आपल्याला तोंडपाठ असते. मऊ दुपटी, टोपडी, आळीव, डिंक, बाळंतशेपा, मालिशवाली बाई. पण कळा सुरू झाल्यावर त्या पोरीजवळ बसणार कोण, हे कुठल्या यादीत असतं सांगा बरं?

माझं पहिलं बाळंतपण १९८३ सालचं. आई दाराबाहेर बाकावर आणि मी आत, एकटी. नर्सबाई येऊन तपासून जात, पण त्यांच्या हाताखाली आणखी पाचसहा जणी होत्या. जरा ओरडले तेव्हा आयाबाई जे बोलली ते इथं लिहवत नाही. दुखणं विसरले, भिंतीवरचं घड्याळ मात्र अजून आठवतं.

गेल्या वर्षी माझ्या भाचीनं पुण्यात ‘डूला’ ठरवली. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ सेवा करणारी स्त्री. डेना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरच्या पुस्तकात तो नव्या आईला आधार देणारीसाठी वापरला. डूला म्हणजे सुईण नव्हे हं! ती तपासत नाही, औषध देत नाही, सुटका करत नाही. ते काम डॉक्टरांचं. ती फक्त आईची.

बहिणीला हे लागलं. “मी आई असताना पैसे मोजून परकी बाई कशाला?” तिचं अगदीच चूक नव्हतं. पण लेकीच्या कळा आईला बघवत नाहीत, हेही तितकंच खरं. कळ आली की बहिणीचेच डोळे भरायचे.

डूलानं काय केलं? भाचीला आडवं पडू न देता हिंडवलं, पलंगाला रेलून उभं केलं. कळ आली की कमरेखाली, माकडहाडाच्या वर, तळहातानं घट्ट दाब. मधे घोटभर पाणी. कावराबावरा झालेल्या जावयाला दाब कुठं द्यायचा ते दाखवलं. डॉक्टर बोलून गेले की तेच पुन्हा सोपं करून सांगितलं. एवढंच. पण २०१७ साली कॉक्रेन या संस्थेनं १७ देशांतल्या १५ हजारांवर बायकांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशी अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी आणि कळांचा काळही थोडा कमी आढळला.

घरी आल्यावर खरी गंमत. येणारा जाणारा बाळाकडे धावायचा, डूला आधी भाचीला विचारायची, “तू जेवलीस का? झोप लागली?” बाळानं तोंड मोठं उघडल्यावरच छातीशी घ्यायचं, नुसतं बोंडूक नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, हे तिनं बसून शिकवलं. चीक टाकायचा नाही, मध चाटवायचा नाही. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपली जुनी रीतही तिनं गोडीनं मोडून काढली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, त्याला घाबरू नये. पण दोन आठवडे उलटूनही मन वर येत नसेल तर डॉक्टरांना सांगायचंच. ‘बाळंतपणात असं व्हायचंच’ म्हणून आपल्याकडे हे किती जणींनी गिळलं असेल!

फी मात्र सगळ्यांना झेपणारी नाही, हे मान्य. पण सोबतीला फी लागत नाही. केंद्र सरकारनं २०१६ साली सरकारी दवाखान्यांत कळांच्या वेळी एका बाईला सोबत ठेवायची मुभा दिली आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, निरोगी असावी, स्वच्छ कपड्यात यावी आणि डॉक्टरांच्या कामात लुडबुड करू नये, इतकंच. आडोसा असेल तिथं नवऱ्यालाही थांबता येतं. खासगी ठिकाणी नाव घालतानाच विचारा. ऐनवेळी दारात वाद नको.

बहिणीच्या शेजारच्या सूनबाईला आई नाही. पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात बहीणच जाणार आहे. दाब कुठं द्यायचा ते तिनं भाचीकडून पुन्हा शिकून घेतलंय.