चाकांवरचे घर

परक्या गावाचे जीवन जाणावयाचे असेल, तर त्या गावापाशी काहीतरी मागण्याची वेळ आपणावर यावी, असे आमचे मत या हिवाळी सुट्टीत झाले. वाचकांस हे विचित्र वाटेल. म्हणून हकीकत सांगतो.

आमच्या पुतण्याने एका मोठ्या व्हॅनमध्ये संसार थाटला आहे. बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सारे आत. अशा गाडीस हल्ली कॅम्पर व्हॅन म्हणतात. तीतून आम्ही उभयता पुतण्यासह चार दिवस निमाडात हिंडलो. इंदूरहून निघून सिमरोलचा घाट उतरला की माळव्याचे पठार सरते. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून सनावदमार्गे आम्ही रावेरखेडीकडे वळलो. पहिले बाजीराव पेशवे १७४० च्या एप्रिलात तेथेच निवर्तले. त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, हा मुख्य हेतू.

वाटेत खळ्यांवर लाल मिरची वाळत होती. बायका कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन परतत होत्या. आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो, त्या आमच्याकडे. बोलण्यास मात्र कोणासच निमित्त सापडेना. चहा आमचा, पाणी आमचे, अंथरूणही आमचेच! शाळा तपासणीस आलेला अधिकारी दारातून डोकावून जातो, तेव्हा त्याला वर्ग दिसतो, मुले दिसत नाहीत. आमचेही तसेच चालले होते.

तिसऱ्या सायंकाळी, रावेरखेडीच्या अलीकडील एका खेड्यात, टाकी कोरडी झाली. सौभाग्यवती कळशी घेऊन पहिल्याच घरी गेल्या. "परिक्रमेस निघालात का?" घरच्या म्हातारीने विचारले. नर्मदेच्या काठी परिक्रमावासीयाला शिधा देणे हा घरोघरचा धर्म. आम्ही परिक्रमावासी नव्हतो, हे ऐकूनही कळशी भरली गेली, आणि पाठोपाठ आम्हां तिघांस आत बोलावणे आले.

ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी पानात पडली. मुलगा पिथमपूरच्या कारखान्यात, सून कापूस वेचायला, घर म्हातारा-म्हातारीवर. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच म्हाताऱ्याने हात थांबवला. नात आठवीत. पुढली शाळा दूर. "मास्तरसाहेब, पोरीला नववीस घालावी की घरी ठेवावी?"

हा प्रश्न आम्ही आयुष्यभर हजेरीपटावर 'शाळा सोडली' एवढ्या शेऱ्यात वाचत आलो. त्या शेऱ्यामागची चूल, तिच्यापाशी मान खाली घालून भाकरी थापणारी मुलगी, आणि वाटेवरच्या काळोखाला भिणारा आजा त्या रात्री प्रथमच एकत्र पाहिला. दूरच्या मुलांना नववीत सरकारी सायकल मिळते, हे आम्ही सांगितले. गावातल्या चारजणी मिळून जातील तर भय उरणार नाही, असे सौभाग्यवती म्हणाल्या. म्हाताऱ्याने सारे ऐकले आणि "बघू" म्हणाला. त्या 'बघू'त होकार किती आणि नकार किती, हे सांगणे कठीण.

पहाटे तीच मुलगी डोक्यावर हंडा घेऊन आली. टाकीत पाणी ओतून घुटमळली. मग हळूच तिने विचारले, "सायकल केवढी असते?"

आम्ही हाताने उंची दाखवली. तिने ती आपल्या कमरेशी ताडून पाहिली आणि रिकामा हंडा घेऊन धावत घरी गेली.

पुढे समाधीचे दर्शनही यथासांग झाले. पण कोणी वाचक अशा गाडीतून निघणार असतील, तर त्यांनी पाण्याची टाकी काठोकाठ भरून घेऊ नये, अशी आमची विनंती आहे.