मायूस का व्हावे?

‘जमाना फार खराब आला आहे,’ हे वाक्य हल्ली घराघरांत ऐकू येते. लढाया, महागाई, माणसामाणसांतला दुरावा पाहिला की आम्हालाही तसेच वाटते. पण अल्लाहच्या रहमतीपासून निराश होऊ नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून आहे. आणि आशेला पुरावाही आहे. आमच्या कोपरमध्ये तो रोज डोळ्यांसमोर असतो.

कोपर स्टेशनला खालून डोंबिवली, दिवा, मुंब्र्याच्या लोकल जातात, तर वरच्या फलाटावरून भिवंडी, वसईकडच्या गाड्या. गाडी बदलणाऱ्या आईवडिलांच्या पुढे मुले धावत जिना चढतात. त्यांत पोलिओने पाय लुळा झालेले मूल आता दिसत नाही. आमच्या लहानपणी प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे मूल असायचेच. आमचे धाकटे मामू त्यांपैकीच एक. मशिदीच्या पायऱ्या चढताना त्यांना कुणाचा तरी खांदा लागे.

१९९५ पासून देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. बर्फाची पेटी घेऊन बायका दारोदार फिरल्या, स्टेशनांवर उभ्या राहिल्या. दोन थेंब पाजायचे आणि करंगळीच्या नखावर शाईची खूण करायची, एवढेच काम. पण ते वर्षानुवर्षे केले.

उत्तर प्रदेशात मात्र अफवा उठली की या डोसाने पुढे मुले होत नाहीत. अनेक मुस्लिम घरांनी दारे लावून घेतली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण जिथे गटार साफ होत नाही, दवाखान्यात डॉक्टर भेटत नाही, तिथे सरकार फक्त थेंब पाजायला घरी येते, तेव्हा शंका येणारच. ती हुकमाने गेली नाही. उलेमांनी समजावले, मशिदींतून आवाहन झाले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लियासारख्या संस्थांनी साथ दिली.

२००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२ आणि २०११ मध्ये फक्त एक. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. अल्हम्दुलिल्लाह!

जगाचेही तसेच. १९९० मध्ये पाच वर्षांखालची सव्वा कोटीच्या आसपास मुले दरवर्षी दगावत. आता हा आकडा ५० लाखांच्या आसपास आला आहे. तरी त्यातले प्रत्येक मूल कुणाच्या तरी घरचा चिराग होता, म्हणून समाधान मानून बसता येत नाही.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात पोलिओ अजून आहे. अफवाही आहेत; आता त्या मोबाईलवर येतात. म्हणून डोस पाजणारी बाई दारात आली तर तिला परत पाठवू नका. शंका असेल तर विचारा, पाणी द्या आणि बाळाला पुढे करा. दुआ आपण करतोच. पण तवक्कल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे.